स्कार्फ बांधलेली बाई दिसली की आपण काय काय धरून चालतो?

सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या बसमध्ये मी आणि माझी धाकटी बहीण एकाच बाकावर बसलेलो असतो. कंडक्टर येतो. मला विचारतो, "कुठं जायचं, ताई?" तिच्याकडे वळून म्हणतो, "आपको किधर जाना है?" आम्ही दोघी एकाच आईच्या, एकाच झेडपीच्या शाळेत शिकलेल्या. दहावीला मराठीत तिला माझ्यापेक्षा सात गुण जास्त होते. फरक एवढाच, की ती स्कार्फ बांधते आणि मी बांधत नाही.

कंडक्टर वाईट माणूस नव्हे. उलट तो जरा जास्तच अदबीने बोलत असतो. पण तिकीट फाडायच्या आधी त्याने तिच्याबद्दल एक गोष्ट ठरवून टाकलेली असते, आणि ती चुकीची असते.

२०२२ साली कर्नाटकात उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व कॉलेजात हिजाब घालून वर्गात बसण्यावरून झालेला वाद देशभर गाजला. २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजातल्या मुली याच प्रश्नावर हायकोर्टात गेल्या. असं काही बातम्यांत आलं की ओळखीचे लोक मला विचारतात, कारण मी त्यांना मधली वाटते. नावाने मुस्लिम, पण डोक्यावर कापड नाही. प्रश्न साधारण ठरलेले असतात: का बांधतात, कोण बांधायला लावतं, शिकलेल्या बायकासुद्धा कशा बांधतात. उत्तरं द्यायचा प्रयत्न करते. पण सुरुवात बांधणारीपासून न करता बघणाऱ्यापासून करते, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे.

आधी शब्द

आमच्या घरात 'हिजाब' हा शब्द जवळजवळ नाहीच. आम्ही 'स्कार्फ बांधणं' म्हणतो. बातम्यांमुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. हिजाब म्हणजे केस, कान आणि मान झाकणारं कापड. चेहरा पूर्ण उघडा असतो. नकाब म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारं कापड. बुरखा म्हणजे अंगातल्या कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा, आपल्याकडे बहुधा काळा. त्याच्यासोबत नकाब असतो किंवा नसतो. बोहरा बायकांचा रिदा आणखी निराळा: दोन भागांचा, रंगीत, लेस लावलेला.

हा फरक सांगायचं कारण असं, की बातमी हिजाबची असते आणि फोटो नकाबाचा लावलेला असतो. मग "चेहराच दिसत नाही तर ओळखायचं कसं?" असा प्रश्न चेहरा पूर्ण दिसणाऱ्या मुलीला विचारला जातो. चेहऱ्याचा प्रश्न नकाबापुरता खरा आहे. परीक्षेच्या दारात, विमानतळावर, मतदान केंद्रावर तो येतो, आणि बाई कर्मचारी आडोशाला नेऊन ओळख पटवते, की मिटतो. माझ्या बहिणीच्या बाबतीत तो येतच नाही.

धर्मात काय आहे? मूळ अरबीत हिजाब म्हणजे पडदा, आड. डोक्यावरून घ्यायच्या कापडासाठी कुराणात 'खिमार' हा शब्द सूरह नूर या अध्यायाच्या ३१व्या आयतीत, म्हणजे वचनात, येतो. तिच्या लगेच आधीची ३०वी आयत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. ती आयत कोणी फारशी सांगत नाही, याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलं आहे. बायकांनी नेमकं किती झाकायचं, केस झाकणं सक्तीचं की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आमच्याकडे तर एकाच स्वयंपाकघरात दोन मतं आहेत.

दोन सेकंदांत डोक्यात काय होतं

अनोळखी माणूस समोर आला की आपण त्याला लगेच कशात तरी बसवतो. त्याशिवाय बाजारातून चालणंसुद्धा कठीण होईल. खाकी शर्ट दिसला की रिक्षावाला, पांढरा कोट दिसला की डॉक्टर. या झटपट कप्प्यांना इंग्रजीत जो शब्द आहे, 'स्टिरिओटाइप', तो छापखान्यातून आलेला आहे. जुळवलेल्या अक्षरांच्या खिळ्यांचा साचा काढून एक अख्खी पट्टी ओतायची, आणि त्या पट्टीवरून तोच मजकूर हजार वेळा छापायचा. वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने १९२२ साली हा शब्द माणसाच्या डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला. मी त्याला नुसतं 'साचा' म्हणते.

साच्याची गंमत अशी, की तो आपल्याबद्दल कधीच नसतो. साडीचंच बघा. आपल्याकडच्या बाईला लांबूनच इरकल कुठली, पैठणी कुठली, नारायणपेठ कुठली ते कळतं. नेसण्यावरून ती कोकणातली की घाटावरची, लग्नाला निघालीय की बँकेत, तेही कळतं. बाहेरच्या पाहुण्याला फक्त साडी दिसते. स्कार्फचं तसंच आहे. मी बहिणीबरोबर मिरजेच्या बाजारात जाते तेव्हा दहा बायकांचे दहा स्कार्फ मला वेगवेगळं काहीतरी सांगतात. ही कॉलेजातली, हिने आत टोपी घालून चापूनचोपून पिना लावल्यात. ही आत्ताच लग्न होऊन आलेली. ही घाईत, जॉर्जेट निसटतंय आणि एका हाताने सावरतेय. ही हजला जाऊन आलेली. बाहेरच्याला यातलं काही दिसत नाही. त्याला मुस्लिम बाई दिसते, आणि तिच्याबद्दल साच्यात जे कोरलेलं असतं ते तो वाचतो.

पुण्यात टिळक रस्त्यावर सकाळी उभं राहा. दुचाकीवरून जाणाऱ्या कितीतरी मुलींनी डोकं, कान, नाक, तोंड स्कार्फने गच्च गुंडाळलेलं असतं, वर गॉगल, हातात मोजे. चेहऱ्याचा एक कोपरासुद्धा दिसत नाही. कोणी विचारत नाही की तुला हे कोणी बांधायला लावलं. ऊन आहे, धूर आहे, केस खराब होतात, कधी घरच्यांच्या ओळखीचं कोणी बघू नये म्हणूनही असेल. कारणं तिची आणि आपण ती मान्य केलेली. त्याच सिग्नलला चेहरा उघडा ठेवून फक्त केस झाकलेली मुलगी उभी असली, तर तिच्या कापडात आपल्याला बाप, भाऊ, मौलवी आणि अख्खा मध्यपूर्वेचा नकाशा दिसू लागतो.

"बिचारी"

सगळ्यात जास्त भेटणारा अंदाज हा आहे, आणि तो बहुतेक वेळा मायेने केलेला असतो. ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या मावशी बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारतात, "घरचे फार कडक आहेत का गं?" आमचे अब्बा आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. मुलींनी काय घालावं यावर त्यांनी कधी दोन वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. बहिणीने एकविसाव्या वर्षी स्कार्फ बांधायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या अम्मीने विरोध केला होता. "नोकरी मिळायची नाही," हे तिचं कारण.

या एका अंदाजाच्या पोटातून बाकीचे निघतात. बिचारी आहे म्हणजे शिकलेली नसणार. शिकली असेल तर मदरशात. खरं तर देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी सच्चर समितीने २००६ सालीच दाखवून दिलं होतं, की शाळेच्या वयाच्या शंभर मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं तीन-चारच असतात. पुढचा अंदाज, मराठी येत नसणार. बहीण एका बँकेच्या तालुक्याच्या शाखेत कर्ज विभागात आहे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक वयस्कर शेतकरी पीककर्जाचे कागद घेऊन आले. तिला बघून घुटमळले आणि शिपायाला म्हणाले, "मराठीवालं कोण न्हाई का?" तिने कागद मागून घेतले, सातबारा आणि आठ-अ शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "काका, तुमच्या भावाच्या वाटणीचा फेरफार अजून नोंदलेला नाही. आधी तलाठ्याकडं जाऊन या, नाहीतर हे प्रकरण अडकंल." काका तिथेच खुर्चीवर बसले.

यापेक्षा मला वाईट वाटतं ते माझ्या वाट्याला येणाऱ्या कौतुकाचं. "तुम्ही मुस्लिम वाटत नाही हां." म्हणणारा मनापासून चांगलं बोलत असतो. पण याचा अर्थ असा होतो, की मुस्लिम वाटणं ही कमी आहे आणि मी त्यातून सुटले. माझी सख्खी बहीण सुटलेली नाही.

साच्याची आणखी एक खोड सांगते. तोच माणूस, तेच कापड बघून, दुपारी "बिचारी, दबलेली" म्हणतो आणि रात्री टीव्हीवरची चर्चा ऐकून "कट्टर, आक्रमक" म्हणतो. स्वतःची इच्छाच नसलेली बाई आणि एका विचारासाठी हट्टाला पेटलेली बाई, ही दोन माणसं आहेत. एकाच कापडात दोघी दिसत असतील, तर ते आपण कापडात वाचत नसून कापडावर लिहितो आहोत.

पण सक्ती असतेच की!

असते. हा आक्षेप मी झटकणार नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला बारावीनंतर बुरखा घातल्याशिवाय घराबाहेर पडू दिलं जात नव्हतं, आणि तिला तो नको होता. आजही अशा मुली आहेत. मोहल्ल्यातली कुजबूज, सासूची नजर, "लोक काय म्हणतील", हे सगळं खरं आहे. कुणी म्हणेल की प्रत्येक मुलगी स्वतः विचार करून स्कार्फ बांधते, तर ते खोटं आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. बघून सक्ती कळत नाही.

मंगळसूत्राचं उदाहरण घेऊ. आपल्या आसपासच्या शंभर बायका ते का घालतात? कुणी प्रेमाने, कुणी सवयीने, कुणी सासरी बोलणी खावी लागतात म्हणून, कुणी एकट्या प्रवासात बरं पडतं म्हणून, आणि कितीतरी जणी या सगळ्याच कारणांसाठी एकदम. रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी बाईला आपण "तुमच्यावर सक्ती आहे का हो?" असं विचारत नाही. आणि म्हणून आपल्याकडे सक्ती नव्हती असंही नाही. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हे इतकं खोल रुजलेलं होतं, की २०२२ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून ते बंद केलं, तेव्हा राज्यभर बातमी झाली. ठराव कुणी केला? गावानेच. बाहेरून कोणी येऊन, दया करून, कोणाच्या हातात बांगड्या भरल्या नव्हत्या.

डोकं झाकण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३०,००० प्रौढांना भेटून एक मोठी पाहणी केली होती. घराबाहेर पडताना डोकं झाकतो, असं सांगणाऱ्या बायका देशात ६१ टक्के निघाल्या. मुस्लिम बायकांत ८९ टक्के, शीख बायकांत ८६ टक्के आणि हिंदू बायकांत ५९ टक्के. दक्षिणेत हे प्रमाण कमी, उत्तरेत जास्त. आपल्याकडे वडीलधारं माणूस समोर आलं की पदर आपोआप डोक्यावर जातो, त्याला आपण रीत म्हणतो. त्या पदरात सक्ती किती आणि मर्जी किती, हे त्या घरात राहिल्याशिवाय सांगता येत नाही, एवढं आपल्याला पक्कं ठाऊक असतं. स्कार्फच्या बाबतीत तेच आपण विसरतो.

अंदाज केला तर बिघडलं काय?

बसच्या तिकिटात काही बिघडत नाही. नोकरीत बिघडतं. जर्मनीत डोरिस वाइक्सेलबाउमर या अर्थशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी केलेला प्रयोग मला विसरता येत नाही. तिथे अर्जासोबत फोटो जोडायची पद्धत आहे. त्यांनी जवळपास १,५०० अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फोटोतली बाईसुद्धा तीच. काही अर्जांवर सांड्रा बाउअर हे जर्मन नाव. काहींवर मेरियम ओझतुर्क हे तुर्की नाव. आणि काहींवर मेरियमच, पण फोटोत आधुनिक पद्धतीने स्कार्फ बांधलेली. सांड्राला १८.८ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं, मेरियमला १३.५ टक्के आणि स्कार्फवाल्या मेरियमला ४.२ टक्के. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला.

पहिल्या दोन आकड्यांतला फरक नावाचा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फक्त कापडाचा. ती बिनस्कार्फची मेरियम म्हणजे मी आणि स्कार्फवाली म्हणजे माझी बहीण, असं मला वाचताना वाटलं होतं. अम्मीची भीती तेव्हा समजली.

भारतात मुस्लिम बायकांसाठी काम करणाऱ्या लेडबाय फाउंडेशनने २०२२ साली नावापुरता असाच प्रयोग केला. १,००० जागांसाठी दोन-दोन अर्ज, एक हिंदू नावाच्या मुलीचा, एक मुस्लिम नावाच्या मुलीचा, पात्रता सारखी. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, मुस्लिम नावाला १०३. यात फोटो नव्हता, स्कार्फ नव्हता. फोटो असता तर काय झालं असतं, याचा हिशोब मी वाचकांवर सोडते.

यातला कोणताही साहेब स्वतःला भेदभाव करणारा म्हणणार नाही. "ग्राहकांना अवघड वाटेल", "टीममध्ये मिसळेल का", "लग्न झालं की घरचे सोडायला लावतील", अशी कारणं असतात. त्यातलं एकही अर्जात लिहिलेलं नसतं. सगळी साच्यातून आलेली.

आणि एक किंमत अशी आहे, जी पगारात मोजता येत नाही. शाखेतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने व्याजाच्या हिशोबात चूक केली, तर ती त्या माणसाची चूक असते. बहिणीने केली तर "हे लोक". त्यामुळे ती प्रत्येक कागद तीनदा तपासते. कामाला दांडगी आहे, असं सगळे म्हणतात. ती दमलेली असते, हे घरी दिसतं.

इराणमध्ये बायका स्कार्फ जाळतात, त्याचं काय?

हा प्रश्न २०२२ पासून फार येतो. त्या वर्षी १६ सप्टेंबरला महसा अमिनी ही बावीस वर्षांची तरुणी तेहरानमध्ये, स्कार्फ नीट नसल्याच्या कारणावरून तिथल्या नैतिकता पोलिसांनी पकडल्यानंतर मरण पावली. देश पेटला. बायकांनी भर चौकात स्कार्फ काढले, जाळले, केस कापले. "स्त्री, जीवन, स्वातंत्र्य" ही त्यांची घोषणा होती. त्या बायकांबद्दल मला आदर आहे, आणि माझ्या स्कार्फ बांधणाऱ्या बहिणीलाही आहे. यात अनेकांना विरोधाभास वाटतो.

तो का नाही, हे इराणचाच इतिहास सांगतो. १९३६ च्या जानेवारीत तिथला राजा रझाशाह याने हुकूम काढून बायकांचे बुरखे उतरवले. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची कापडं ओढून काढत होते. कितीतरी बायकांनी त्या अपमानापेक्षा घरात कोंडून घेणं पत्करलं. १९७९ च्या क्रांतीनंतर वारं उलटं फिरलं आणि काही वर्षांत डोकं झाकणं कायद्याने सक्तीचं झालं. आजीच्या डोक्यावरचं कापड पोलिसाने काढलं आणि नातीच्या डोक्यावर पोलिसाने घातलं. दोघींना एकच तक्रार करता आली असती.

फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांत ठळक धार्मिक खुणांवर बंदी घातली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये इतर देशांच्या खेळाडू स्कार्फ बांधून उतरू शकत होत्या, फ्रान्सच्या मात्र नाही. धर्म आणि सरकार वेगळं ठेवायचं हे त्यांचं कारण मला समजतं. पण धावपटूच्या डोक्यावरच्या कापडाने सरकार धार्मिक कसं होतं, ते मला पटत नाही.

"पूर्वी आपल्याकडे हे नव्हतं"

हे बरंचसं खरं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या खेड्यांत मुस्लिम बायका लुगडं नेसायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या. आमची दादी नऊवारीत गेली. तिला पिना लावलेला स्कार्फ माहीत नव्हता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत चित्र बदललं.

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आखातात कामाला गेलेले लोक तिकडची राहणी घेऊन आले. धर्माचे नवे प्रचारक आले, मग टीव्ही, मग मोबाइल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईच्या दंगलींनंतर माणसं मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी एकवटली. वस्ती एकाच समाजाची झाली की वस्तीची नजरही वाढते. आणि एक कारण असं, जे बाहेरच्यांना उलटं वाटतं: मुली जास्त शिकू लागल्या. दादीला दुसऱ्या गावच्या कॉलेजात जायचंच नव्हतं, तिला पदर पुरत होता. नातीला रोज बसने तीस किलोमीटर जायचं असतं. कितीतरी घरांत स्कार्फ हा बाहेर पडायचा परवाना ठरला. परवाना लागावा हे मला आवडत नाही. पण तो फाडून टाकला तर मुलगी आपोआप मोकळी होते, असं समजणाऱ्याने तिच्या घराचा हिशोब केलेला नाही.

कोर्टात काय झालं

उडुपीच्या प्रकरणात कर्नाटक हायकोर्टाने १५ मार्च २०२२ रोजी कॉलेजांतली हिजाबवरची बंदी कायम ठेवली. मुख्य मुद्दा होता 'अत्यावश्यक धार्मिक प्रथा'. म्हणजे, जी प्रथा काढली तर तो धर्मच उरणार नाही, तिलाच घटनेच्या २५व्या कलमाचं संरक्षण, हा कोर्टांनी घालून घेतलेला निकष. हिजाब त्यात बसत नाही, असं हायकोर्ट म्हणालं. सुप्रीम कोर्टात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती रद्द करायला सांगितलं. अत्यावश्यक प्रथेच्या वाटेला जाण्याची गरजच नव्हती, हा शेवटी मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे आणि तिचं शिक्षण सगळ्यात महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. नवं पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेलं.

या निकषाने मुलींना कुठल्या कोपऱ्यात ढकललं, ते बघा. "मला बांधायचाय, माझी मर्जी," एवढं म्हणून संरक्षण मिळेल याची खात्री नव्हती. ते मिळवायचं तर "आमच्या धर्मात हे सक्तीचंच आहे," असं सिद्ध करायचं. म्हणजे निवड वाचवायला गेलेल्या मुलींना कोर्टात निवड नाही असं मांडावं लागलं, आणि बाहेरचे लोक ते ऐकून म्हणाले, बघा, सक्तीच आहे.

चेंबूरच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने जून २०२४ मध्ये मुलींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने कॉलेजच्या पत्रकातल्या हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा चालणार नाही, हे मात्र कायम ठेवलं. टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, नावावरूनही धर्म कळतो, त्याचं काय करणार, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं होतं.

आमच्या लोकांचे अंदाज

अंदाज बांधणारे म्हणजे फक्त हिंदू, असं कोणी समजू नये. आमच्या मोहल्ल्यातही साचा आहे, फक्त उलटा. स्कार्फ बांधला म्हणजे ती नमाजी, सालस, कमी बोलणारी असणार. बहीण मोठ्याने हसते, स्कूटर जोरात चालवते, आयपीएलच्या मॅचला आरडाओरडा करते. लगेच कोणीतरी खाला म्हणते, "स्कार्फ बाँध के ऐसा करते क्या?" आणि मी नाही बांधत म्हणजे मी बिघडलेली, असा माझ्याबद्दलचा हिशोब. मी रमजानचे रोजे तिच्यापेक्षा जास्त धरते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. आमच्या समाजात बायकांच्या बाजूने भांडण्याची परंपरा जुनी आहे. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. फक्त सात. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. पुढे २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, त्यामागे कितीतरी बायकांचं भांडण होतं, आणि त्यांच्यात बुरखा घालणाऱ्याही होत्या.

असं भांडण करायला घरात आवाज काढावा लागतो. पण आज बारावीतल्या एखाद्या मुलीला स्कार्फ नकोसा झाला आणि तिने ते मोकळेपणी म्हटलं, तर बाहेरचे टाळ्या वाजवतात, तिच्या वाक्याचा व्हिडिओ फिरवतात आणि तिच्याच बहिणींना हिणवायला वापरतात. मग घरचे म्हणतात, तू आपल्यांच्या विरोधात त्यांना हत्यार दिलंस. ती गप्प बसते. अनोळखी माणसाच्या अंदाजाने तिचं भांडण तिच्याकडून हिसकावून घेतलेलं असतं. स्कार्फ बांधणारीचं म्हणणं तर आधीच ऐकून घेतलं जात नाही. न बांधू इच्छिणारीचंही बोलणं असं बंद होतं, आणि ते बंद करण्यात तिची दया करणाऱ्यांचा वाटा मोठा असतो.

मग काही विचारायचंच नाही का?

विचारा ना. पण जे कोणालाही पहिल्या भेटीत विचाराल ते पहिल्या भेटीत, आणि जे पाचव्या भेटीत ते पाचव्या. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने मला स्कार्फबद्दल विचारलं तेव्हा तीन वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्लेला होता. मी तिला हळदीकुंकवाला विधवा जावेला का बोलावत नाहीस, हे विचारू शकत होते, म्हणून तिलाही मला विचारता आलं.

गेल्या एप्रिलमध्ये बहिणीने स्कार्फ बांधणं थांबवलं. ऊन भयंकर होतं आणि तिच्या मानेवर घामोळं इतकं उठलं होतं, की कापड टेकवत नव्हतं. शाखेत चर्चा झाली. एकाने हात मिळवून अभिनंदन केलं, "सुटलात एकदाच्या, मॅडम." एका बाईंनी कानात विचारलं, घरी भांडण झालं का. मोहल्ल्यात अम्मीला विचारणा झाली, मुलगी हाताबाहेर गेली का म्हणून. जूनमध्ये पाऊस लागला, मान बरी झाली, तिने पुन्हा स्कार्फ बांधला. अभिनंदन करणारे गृहस्थ त्या दिवशी तिच्याशी नीट बोलले नाहीत.

त्याच एप्रिलमध्ये ते सातबारावाले काका हप्ता भरायला आले होते. त्यांनी पावती घेतली, पिशवीत ठेवली, उठता उठता थांबले आणि म्हणाले, "मॅडम, मानंला काय झालंय वो? चंदनाचं खोड उगाळून लावा, दोन दिसांत बसतंय." पुढच्या आठवड्यात ते खोड घेऊन आले.